वाचता येते, पण ऐकू येत नाही : एलामी भाषेची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित उतारा. पण आजचा भाग फक्त डोळ्यांनी वाचून चालणार नाही. मधे मधे तोंड उघडावं लागेल, तेव्हा शेजारी कुणी बसलं असेल तर आधीच सांगून ठेवा.

‘चार’ म्हणा. आकड्यातला चार. आता ‘चारा’ म्हणा, गुरांचा. लिहिताना दोन्हीकडे च तोच, पण जीभ वेगळ्या जागी लागली की नाही? आता ‘जग’ म्हणा, सगळं जग या अर्थी. मग कुणाला आशीर्वाद देताना म्हणतो तसं ‘जग’ म्हणा, शंभर वर्षं जग. अक्षरं तीच, आवाज दोन. देवनागरीत हा फरक दाखवायची सोय रोजच्या लिखाणात नाही, आणि आपल्याला तिची गरजही वाटत नाही. आपल्या आईने आणि आजीने आपल्याला तो फरक बोलून शिकवलेला असतो.

आता समजा, अडीच हजार वर्षांनी मराठी बोलणारं एकही माणूस उरलेलं नाही. फक्त कागद उरलेत. एखादा अभ्यासक ‘चारा’ वाचतोय. त्याला हा दुसरा च कुठून कळणार?

याच परिस्थितीत सापडलेली एक खरी भाषा आहे, एलामी. इराणच्या नैऋत्य भागात, आजच्या खुझेस्तान आणि फार्स प्रांतांत ती बोलली आणि लिहिली गेली. तिचे लेख आपण वाचू शकतो. तिचं व्याकरण बरंचसं समजतं. पण ती कानाला कशी लागायची, हे एकेका शब्दावरून जुळवत बसावं लागतं. आज मी तुम्हाला दोन गोष्टी सांगणार आहे. एक, त्या भाषेच्या आयुष्यातले टप्पे. दोन, मेलेल्या भाषेचा आवाज शोधतात कसा. आणि या दोन्ही गोष्टींची एक वाट आपल्या मुंबईतून, अगदी गिरगावातून जाते.

मुंबईतून बेहिस्तूनला

मी राहते खोताच्या वाडीपासून चालत पाच मिनिटांवर. वाडी तुम्ही रीलमध्ये तरी पाहिली असेलच. बाहेरून जाणारे लाकडी जिने, पुढे व्हरांडा, कौलारू छप्परं. या वाडीजवळच गिरगावात आंब्रोली म्हणून जागा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी राहायचे. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८३२ मध्ये त्यांनी आंब्रोलीला इंग्रजी शाळा काढली. पण त्यांना मिशनच्या कामाइतकाच नाद होता जुन्या भाषांचा आणि शिलालेखांचा. गिरनारच्या अशोकलेखाची प्रत जेम्स प्रिन्सेपला पाठवणाऱ्यांत ते होते.

१८४० च्या दशकात नील्स लुडविग वेस्टरगार्ड हा तरुण डॅनिश पंडित हिंदुस्थानात आला. मुंबईतल्या पारशी लोकांकडचे अवेस्ता आणि पहलवी ग्रंथ पाहणं हा त्याचा मोठा हेतू. इथून तो इराणला गेला. १८४३ मध्ये तिथल्या झरथुष्ट्री लोकांची हालहवाल सांगणारं पत्र त्याने कुणाला लिहिलं? गिरगावच्या याच विल्सन यांना. आणि त्याच प्रवासात त्याने नक्श-ए-रुस्तम इथल्या दारियसच्या थडग्यावरचा लेख उतरवून घेतला.

हखामनी राजे आपले लेख एकाच मजकुराच्या तीन भाषांत कोरायचे. पहिली जुनी फारसी, दुसरी एलामी, तिसरी बाबिलोनी. त्या काळी दुसऱ्या भाषेचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. कुणी तिला ‘मेदियन’ म्हणे, कुणी ‘सिथियन’, बहुतेक लोक नुसतं ‘दुसरा प्रकार’ म्हणत. वेस्टरगार्डने १८४४ च्या सुमारास या दुसऱ्या प्रकारातल्या चिन्हांना पहिल्यांदा नीट आवाज दिले.

दुसरा माणूस हेन्री रॉलिन्सन. १८२७ मध्ये सतरा वर्षांचा हा पोरगा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून मुंबईला उतरला. त्याच जहाजावर होते मुंबईचे नवे गव्हर्नर जॉन माल्कम, इराणचा इतिहास लिहिणारे. इराणचं वेड त्याला त्यांच्याकडून लागलं, असं म्हणतात. इथल्या सहा वर्षांत रॉलिन्सन हिंदुस्थानी शिकला, फारसी शिकला आणि चक्क आपली मराठीही शिकला. १८३३ मध्ये त्याची रवानगी इराणला झाली. तिथे केर्मानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर, जमिनीपासून साधारण साठ मीटर उंचीवर, दारियसचा प्रचंड त्रिभाषी लेख आहे. १८३५ पासून तो त्याच्यामागे लागला. शिड्या लावून, अरुंद कपारीवर उभं राहून त्याने आधी फारसी आणि १८४४ मध्ये एलामी मजकूर उतरवला. बाबिलोनी भागाचे ठसे १८४७ मध्ये एका कुर्द मुलाने दोरावर लटकत घेतले. त्या मुलाचं नाव इतिहासात नाही, हेही लक्षात ठेवा. रॉलिन्सनच्या साहित्यावरून एडविन नॉरिसने १८५५ मध्ये एलामी मजकूर छापला, आणि मग खरी वाट मोकळी झाली.

युक्ती तशी साधी होती. विशेषनामं सगळ्या भाषांत जवळजवळ सारखीच असतात. तुमचं नाव ‘प्रथमेश’ असेल तर तमिळमध्ये लिहिलं तरी ते प्रथमेशसारखंच काहीतरी होणार. फारसी मजकूर वाचता येत होता. त्यात दारियस जिथे आला, त्याच जागी दुसऱ्या मजकुरात जी चिन्हं असतील ती दारियसचीच. अशी राजांची, देशांची, बंडखोरांची नावं जमवत जमवत एकेका चिन्हाचा आवाज मिळत गेला.

अडीच-तीन हजार वर्षांचं आयुष्य

आता टप्पे बघू. एकदम पाठ करू नका, नुसतं ऐका.

सगळ्यात आधी, ख्रिस्तपूर्व ३१०० च्या सुमाराला, सूसा शहरात आणि आसपास मातीच्या पाट्यांवर एक लिपी दिसते. तिला आद्य-एलामी म्हणतात. दीड हजारांहून जास्त पाट्या आहेत. धान्य, जनावरं, मजूर, म्हणजे सगळा हिशेब. आकडे समजतात, शब्द वाचता येत नाहीत. तिच्यामागची भाषा एलामीच होती, हेसुद्धा अजून सिद्ध झालेलं नाही.

मग ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकाच्या शेवटाकडे रेखीय एलामी नावाची वेगळी लिपी येते. पुझुर-इन्शुशिनक या राजाच्या लेखांत ती आहे, काही चांदीच्या पेल्यांवरही आहे. २०२२ मध्ये फ्रांस्वा देसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लिपी जवळजवळ वाचल्याचा दावा मांडला. अभ्यासकांत त्यावर अजून चर्चा चालू आहे, पण एवढ्या वर्षांत यापेक्षा मोठी बातमी या विषयात आलेली नाही.

त्याच सुमाराला एलामी लोकांनी शेजारच्या मेसोपोटेमियाची कीलाक्षर लिपी उचलली. कील म्हणजे खिळा. ओल्या मातीवर बोरूने दाबलेल्या खिळ्यासारख्या खुणा. या लिपीतला सगळ्यात जुना मोठा एलामी मजकूर म्हणजे अक्कडचा सम्राट नरामसिन याच्याशी झालेला तह, साधारण ख्रिस्तपूर्व २२५० चा. तुझा शत्रू तो माझा शत्रू, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. ही जुनी एलामी.

ख्रिस्तपूर्व १५०० ते १००० हा मध्य एलामीचा काळ. भाषेचे सगळ्यात चांगले दिवस. उन्ताश-नपिरिशा या राजाने चोघा झंबिलला पायऱ्यापायऱ्यांचं भव्य मंदिर बांधलं. १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या भिंतींत एलामी मजकूर कोरलेल्या विटांच्या रांगाच्या रांगा आहेत. विचार करा, आपल्या सोसायटीच्या भिंतीत दर काही थरांनी बिल्डरचं नाव!

याच काळातला, बाराव्या शतकातला शुत्रुक-नहुन्ते हा राजा मला फार आवडतो. त्याने बाबिलोनियावर स्वारी केली आणि तिथले प्रसिद्ध दगड उचलून सूसाला आणले. हम्मुराबीचा कायदे कोरलेला खांब आठवतोय ना, शाळेच्या पुस्तकातला? तो फ्रेंचांना १९०१-०२ मध्ये बाबिलोनमध्ये नाही, सूसामध्ये मिळाला. नरामसिनचा विजयस्तंभही तिथेच मिळाला. त्याच्यावर शुत्रुक-नहुन्तेने स्वतःचा एलामी मजकूर कोरलाय. सिप्पर शहर जिंकलं, नरामसिनचा दगड हाती लागला, तो एलामला आणला आणि माझ्या इन्शुशिनक देवाला अर्पण केला, असं तो सांगतो. ज्या सम्राटाशी पूर्वजांनी तह केला, त्याच्याच दगडावर हजार वर्षांनी स्वतःची सही. दोन्ही दगड आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत.

ख्रिस्तपूर्व १००० नंतर नव-एलामी. त्यात अश्शुरचा राजा अशुरबनिपाल येऊन सूसा उद्ध्वस्त करून जातो, साधारण ख्रिस्तपूर्व ६४६ मध्ये. इथे राज्य मोडलं, पण भाषा मेली नाही. तिला नवीन मालक मिळाले. सायरस आणि दारियस हे हखामनी पर्शियन राजे. घरात बोलायचे फारसी, पण लिहिणारे कारकून एलामी परंपरेत तयार झालेले. त्यामुळे बेहिस्तूनच्या कड्यावर सगळ्यात आधी कोरला गेला तो एलामी मजकूर, फारसी नंतर आली. आपल्याकडे बहमनी, आदिलशाही काळात माणसं मराठी बोलत आणि दरबाराचा कागद फारसीत निघे. तसंच काहीसं, फक्त तिथे बोली फारसी आणि कागद एलामी.

१९३३-३४ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. बहुतेक एलामीत. ख्रिस्तपूर्व ५०९ ते ४९३ या वर्षांतला रेशनचा हिशेब. कुणाला किती धान्य, किती वाइन, कोण कुठून कुठे चाललाय. त्यात ‘हिंदुश’हून, म्हणजे सिंधूच्या मुलखातून आलेल्या प्रवाशांचा शिधाही लिहिलाय. पुढे चामड्यावर शाईने लिहिली जाणारी आरामाई भाषा कारभारात पसरत गेली आणि पाचव्या शतकाच्या मध्यानंतर या एलामी पाट्या बंद पडतात. बोली मात्र कुठेतरी टिकून असावी. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तखरी खुझेस्तानातल्या एका बोलीबद्दल लिहितो, की ती हिब्रू नाही, सुर्यानी नाही, फारसीही नाही. तीच एलामीची शेवटची धुगधुगी असं काहींना वाटतं. तसं असेल तर ती लिखाणातून गेल्यावर हजाराहून जास्त वर्षं माणसांच्या तोंडात जिवंत होती, आणि तिचा एकही शब्द कुणी टिपला नाही.

उसनी लिपी, घट्ट चप्पल

आता मुख्य भानगड. एलामीने लिपी उसनी घेतली. कीलाक्षरं मुळात सुमेरी भाषेसाठी बनली, अक्कडी लोकांनी ती घेतली, त्यांच्याकडून एलामी लोकांनी. दुसऱ्याच्या मापाची चप्पल. चालता येतं, पण कुठेतरी चावते.

पहिली अडचण : या लिपीत नुसतं व्यंजन लिहिता येत नाही. ‘क’, ‘कि’, ‘अक’, ‘इक’ अशी अवयवांची चिन्हं. आपण ज्याला झर्क्सीस म्हणतो, त्याचं नाव जुन्या फारसीत क्षयार्शा. जोडाक्षराने सुरुवात. एलामी कारकून लिहितो : इक-शे-इर-इश-श. मग प्रश्न असा, की तो ‘इ’ खरंच बोलायचा, आपल्याकडे ‘इस्टेशन’ म्हणतात तसा, की लिपीची सोय म्हणून फक्त लिहायचा? हसू नका, आपलीही तीच गत आहे. आपण ‘सरकार’ लिहितो आणि बोलतो ‘सर्कार्’. मधला आणि शेवटचा अ कागदावर आहे, तोंडात नाही. मराठी कधीच न ऐकलेला माणूस तो प्रामाणिकपणे उच्चारत बसेल.

दुसरी अडचण : त आणि द, क आणि ग, प आणि ब. एलामी कारकून यांची चिन्हं अदलाबदल करून वापरतात, जणू त्यांच्या कानाला तो फरक फारसा कळतच नव्हता. पण दोन स्वरांच्या मधे कधी एकेरी तर कधी दुहेरी व्यंजन लिहितात, आणि ते बऱ्यापैकी सातत्याने. यावरून अभ्यासक म्हणतात, की एलामीत महत्त्वाचा फरक घोष-अघोष असा नसून जोरकस आणि सैल असा असावा. तमिळ लिपी आठवा. तिथे क आणि ग यांना एकच अक्षर. मधे एकेरी आलं तर ग किंवा हकडे झुकणारा आवाज, दुहेरी आलं तर ठणठणीत क्क.

तिसरी गंमत : म आणि व. दारियसचं फारसी नाव दारयवउश. एलामीत काय लिहिलंय? द-रि-य-म-उ-इश. व च्या जागी म! हे सतत होतं, म्हणून मानतात की म ची चिन्हं व साठीही चालत. आता मराठीकडे या. संस्कृत ग्राम, मराठी गाव. संस्कृत नाम, मराठी नाव. म चा व आपणही केलाय. आणि मधल्या पायरीवर तो व नाकातून यायचा, म्हणून आपले पणजोबा ‘गांव’, ‘नांव’ असं टिंब देऊन लिहायचे. म आणि व यांच्यामधला रस्ता नाकातून जातो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

चौथं, अनुनासिक. एलामी देव हुंबन. कधी लिहितात हुम्बन, कधी नुसतं हुबन. एकच नाव, एकच काळ, म कधी आहे, कधी नाही. म्हणजे तिथे पुरता म नव्हता, नाकातून काढलेला स्वर होता का? बऱ्याच जणांना तसं वाटतं. उलट कधी एलामीच जास्त सांगून जाते. सायरसच्या मुलाचं नाव जुन्या फारसी लिपीत कबूजिय असं लिहिलंय, कारण त्या लिपीत व्यंजनाआधीचा न-म लिहायची पद्धत नाही. एलामी कारकुनाने लिहिलं कन-बु-झि-य. ग्रीकांनीही कॅम्बिसीस लिहिलं. म्हणजे अनुनासिक होतं, फारसी लिपीने गिळलं आणि एलामी पाटीने जपलं.

एक ह गेला आणि ‘मी’ गेला

टप्पे आणि आवाज हे दोन विषय जिथे एकत्र येतात ती ही जागा.

एलामीत नामालाही पुरुषाचा प्रत्यय लागतो. सुंकिर म्हणजे राजा, तो. सुंकिप म्हणजे राजे. सुंकिमे म्हणजे राजेपण, राज्य. आणि सुंकिक म्हणजे मी-राजा. शुत्रुक-नहुन्ते स्वतःची ओळख करून देताना ‘सुंकिक’ म्हणतो, अंझान आणि सूसाचा. एका ‘क’ मध्ये अख्खा ‘मी’.

क्रियापदातही तसंच. मध्य एलामीत ‘कुशिह’ म्हणजे मी बांधलं, ‘कुशिश’ म्हणजे त्याने बांधलं. शेवटचा ह म्हणजे मी. आता नव-एलामीच्या काळात येऊ. कारकून तोच शब्द कधी ह लावून लिहितात, कधी न लावता. ह कुठे असावा याबद्दल त्यांचाच गोंधळ उडालाय. याचा अर्थ, बोलण्यातून ह निघून गेला होता, हात मात्र सवयीने तो लिहीत होता. आणि हखामनी काळात ‘मी केलं’ म्हणजे नुसतं ‘हुत्त’, ‘त्याने केलं’ म्हणजे ‘हुत्तश’. शेवटचा ह संपला. ‘मी’ची खूण गेली, आणि आता ‘मी’ ओळखायचा तो कुठलीच खूण नसण्यावरून.

मेलेल्या भाषेचा आवाज शोधायचा हा सगळ्यात हुकमी मार्ग आहे : लिहिणाऱ्याच्या चुका पकडा. अचूक लिहिणारा कारकून तुम्हाला फक्त नियम सांगतो. चुकणारा कारकून स्वतःचं तोंड दाखवतो.

तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये जाऊन बघा. तोच माणूस ऑफिसच्या ग्रुपवर ‘नाही’ लिहितो आणि मित्रांत ‘नाय’. ‘पहिला’ आणि ‘पयला’. ‘तुम्ही’ आणि ‘तुमी’. आपला ह सुद्धा बोलण्यातून हळूहळू काढता पाय घेतोय, लिखाणात बसून आहे. एलामीचा विद्यार्थी हे चॅट पाहून खूश होईल.

आता श्रवणबेळगोळला जाऊ. गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत छोटे लेख आहेत. आपलं छोटंसं बेहिस्तूनच म्हणा. मराठी ओळ नागरीत : श्रीचावुंडराजें करवियलें. चावुंडराजाने करवलं. त्या दोन्ही टिंबांकडे बघा. ‘राजें’ मधलं टिंब म्हणजे ‘ने’. ‘करवियलें’ मधलं टिंब म्हणजे नपुंसकलिंग. टिंबात व्याकरण होतं. हळूहळू ते नाक प्रमाण बोलीतून गेलं, तरी लिहिणारे शेकडो वर्षं टिंबं देत राहिले. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी ठरवलं, की ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार लिहायचा नाही. घरांतलं ‘गांव’ ‘गाव’ झालं. एलामी ह ला असं महामंडळ मिळालं नाही, म्हणून तो दोनतीनशे वर्षं येऊन-जाऊन होता.

‘एलामी म्हणजे तमिळ’ हा फॉरवर्ड

हा तुम्हाला आलाच असेल. यात एक खरा धागा आहे आणि बरीच हवा. डेव्हिड मॅकॅल्पिन या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून मांडलं, की एलामी आणि द्राविडी भाषा एकाच कुळातल्या आहेत. १९८१ मध्ये त्याचं पुस्तकही आलं. प्रत्ययांची रचना, काही शब्द आणि मघाशी सांगितलेला एकेरी-दुहेरी व्यंजनांचा प्रकार यांचा त्याने आधार घेतला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना हे पुरेसं पटलेलं नाही. एलामी आजही एकटी भाषा मानली जाते, जिचं कुळ सिद्ध झालेलं नाही. दोन भाषांचा आवाज सारखा असणं म्हणजे नातं नव्हे. नातं ठरतं ते शब्दाशब्दांतल्या आवाजांचे नियमित बदल दाखवून, आणि त्यासाठी आधी आवाज नक्की माहीत असावा लागतो. इथे गाडी पुन्हा त्याच स्टेशनवर येते. ज्या भाषेत ‘म’ आहे की ‘व’ यावर वाद होतो, तिचे नातेवाईक शोधणं कठीणच.

मराठीवर द्राविडी भाषांचा प्रभाव आहे का? हो, त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा फरक आपण करतो, म्हणजे समोरच्याला धरून आणि वगळून, तो द्राविडी शेजारामुळे टिकला असं मानतात. पण यावरून थेट सूसाला उडी मारू नका.

मग आपलं काय?

खोताची वाडी दादोबा वामन खोत यांच्या नावाची. त्यांनी जागा दिल्या आणि ईस्ट इंडियन कुटुंबं इथे घरं बांधून राहिली, असं सांगतात. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातले जुने मराठीभाषक ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, घेतलं. त्यांची बोली, कोळी आणि आगरी बोलींची बहीण. या पट्ट्यात ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’. ळ आणि ण यांचे हिशेबच वेगळे. शाळेत गेलेली पिढी हे शब्द लिहायला बसली की आपोआप ‘डोळा’, ‘पाणी’ असं लिहिते. म्हणजे कागदावर ही बोली दिसतच नाही. आता तर बऱ्याच घरांत मुलं इंग्रजीत बोलतात. बोली राहते ती आजीच्या तोंडात आणि लग्नाच्या गाण्यांत.

ही गोष्ट फक्त एका वाडीची नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली, सगळ्या बोली आपण उसनी चप्पल घालूनच लिहितो. प्रमाण मराठीचं शुद्धलेखन हे त्यांच्या मापाचं नाही. अभ्यासकांना एलामीच्या बाबतीत निदान चुकणारे कारकून मिळाले. आपल्या फोनमध्ये तर ऑटोकरेक्ट आहे, तो ‘डोला’ लिहू देत नाही! चूक पुसली की आवाजाचा पुरावाही पुसला.

पण जे दारियसच्या कारकुनाकडे नव्हतं, ते तुमच्या खिशात आहे. रेकॉर्डरचं बटण. म्हणून आज एक काम देते. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, त्यांची परवानगी घ्या, आणि दहा मिनिटं बोलतं करा. यादी वाचायला देऊ नका, वाचताना माणूस शाळेतलं बोलतो. डोळ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, याला काय म्हणता. पाणी दाखवा. चार बोटं दाखवा, मग विचारा गुरं काय खातात. गावाचं नाव विचारा. लहानपणी पाऊस कसा असायचा ते विचारा आणि मधे बोलू नका. शेवटी तुमच्या आवाजात तारीख, त्यांचं गाव आणि घरात कुठली बोली बोलतात एवढं सांगा. फाइल दोन ठिकाणी ठेवा.

कुठलेही शब्द ‘सुधारू’ नका. ‘डोला’ असेल तर ‘डोला’च.

पुढच्या भागात मोडी लिपीकडे जाऊ. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ताच नसतो, तरी पेशव्यांचा अख्खा कारभार त्यावर कसा चालला, ते बघू. तोवर तुमच्या घरचे शब्द आवाजासकट पाठवा. भेटूया!